वाचक विचारतात : ओल्या हवेच्या मुलखात जाताना सामान काय घ्यावं?

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला आणि पुढच्या पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात जाणाऱ्या वाचकांची पत्रं यावेळी बरीच आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न : आम्ही चौघं, म्हणजे मी, हे आणि दोन मुलं, दिवाळीनंतर सहा दिवस अंदमानला जाणार आहोत. आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांचा, उष्ण जागेला काय लागतं ते ठाऊक आहे म्हणून सगळे कॉटनचे कपडे काढून ठेवले. जाऊबाई म्हणतात, कॉटन नेऊ नका. खरं काय?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जाऊबाईंचं ऐका. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्याला कॉटन घरी ठेवा म्हणणं जिवावर येतं, पण इथे तेच खरं आहे.

मे महिन्यात तुमच्या घरातला कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो. कूलर तोच, पाणी तेच. हवा बदललेली असते. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. अंदमानात ही आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात, आणि तीही जवळजवळ बारा महिने. तापमान मात्र क्वचितच ३२ च्या वर जातं. म्हणजे तुमच्या ४५ अंशांच्या सवयीचा तिथे फारसा उपयोग नाही. घाम येतो तो वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. वावरात दिवसभर राबणारा माणूसही तिथे तासाभराच्या चढात दमतो तो यामुळेच.

कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं. आपल्या अंगणात अर्ध्या तासात खडखडीत होणारा सुती शर्ट तिथे दुसऱ्या दिवशीही शिवणीत ओला राहतो. सर्वांत जास्त त्रास कुठे होतो? सलवारीच्या नाडीच्या पट्ट्यात, परकराच्या नेफ्यात, जीन्सच्या कमरेत. कापड तिथे दोन-तीन पदरी असतं, ते वाळत नाही, आणि चौथ्या दिवशी बरोबर तिथेच खाज सुटून गजकर्ण उठतं. म्हणून जीन्स घरीच ठेवा, मुलांच्यासुद्धा. पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉनची पँट, क्रेप किंवा जॉर्जेटचा पंजाबी ड्रेस, साडी नेसणार असाल तर सिंथेटिक साडी आणि सॅटिनचा परकर घ्या.

मोठ्या माणसामागे हिशेब असा : दोन पँट किंवा सलवारी, तीन पूर्ण बाह्यांचे शर्ट किंवा कुर्ते, आतले कपडे सहा जोड, मोजे तीन जोड. शिवाय एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी. हा जोड सुती असला तरी चालेल, पण तो बांधलेल्या पिशवीतच राहील आणि फिरायला कधीही निघणार नाही. सकाळी कालचेच दमट कपडे चढवणं नकोसं वाटतं, तरी चढवा. बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत सगळं ओलं होणारच आहे. ‘आज एक दिवस’ म्हणून कोरडा जोड काढला की रात्री निजायला काहीच उरत नाही. टर्किश टॉवेलऐवजी माणशी दोन पंचे घ्या. धुतलेला कपडा पिळून कोरड्या पंच्यात गुंडाळा, दोघांनी दोन टोकं धरून पुन्हा पिळा आणि मग पंख्याखाली वाळत घाला. वाळायचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे हवेतच.

छत्र्या दोन घ्या. अंदमानात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पाऊस असतो, आणि दमट हवेत रेनकोट आतून घामानेच भिजवतो. बोटीवर मात्र वाऱ्यात छत्री टिकत नाही, तिथे साधा पोंचो बरा. टॉर्च प्रत्येकाला एक. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आणि घड्याळ तेच, त्यामुळे नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी पाचलाच दिवस मावळतो. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायची; कमी पाण्यात घट्ट करून मुलांना देऊ नका. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ते, वीस मिनिटांनी त्यावर डासांचं मलम. उलट क्रमाने लावलं तर मलमाचा उपयोग कमी होतो.

प्रश्न : बॅगेला पावसाळी कव्हर घेतलं आहे. तेवढं पुरेल ना? घरी खताच्या पोत्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्याही बऱ्याच पडल्या आहेत.
– एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : कव्हर पुरत नाही. पाणी पाठीवरून ओघळत पट्ट्यांच्या बाजूने आत शिरतं, आणि कव्हराच्या तळाशी साचलं तर बॅग खालून भिजते. खरं रक्षण आतल्या पिशवीचं. पण खताची किंवा औषधाची पिशवी कितीही धुतली तरी कपड्यांना आणि खाण्याच्या वस्तूंना लावू नका. धान्य साठवायची जाड, कोरी पिशवी बाजारात मिळते, ती घ्या. कपडे भरा, हवा दाबून काढा, तोंड तीन वेळा घट्ट गुंडाळा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून दोन बोटं रुंदीचा पट्टा कापून त्यावर चढवा. हा पट्टा साध्या रबरबँडसारखा तुटत नाही.

निघण्याआधी परीक्षा घ्या. पिशवीत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून तोंड बांधा आणि पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं दाबून धरा. कागद कुठे ओलसर लागला तर पिशवी बदला, चिकटपट्टी लावत बसू नका.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे, इन्सुलिन घेते. गावात वीज जाते म्हणून आम्ही कुपी ओल्या वाळूतल्या लहान माठात ठेवतो, चांगली राहते. अंदमानला तसाच माठ नेता येईल का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नका नेऊ. माठ गार होतो तो पाणी पाझरून उडतं म्हणून. आर्वीत ती युक्ती उत्तम आहे, आणि आईंसाठी तुम्ही ती करता हे फार चांगलं. पण ८० टक्के दमट हवेत पाणी उडतच नाही, माठ नुसता ओला राहतो आणि आत बाहेरच्याइतकाच उकाडा. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्याही याच कारणाने तिथे कमी पडतात.

रुंद तोंडाचा थर्मास घ्या. तळाशी गोठवलेली जेलची पिशवी, तिच्याभोवती पंच्याचे दोन-तीन वेढे आणि मग कुपी. कुपीचा बर्फाला थेट स्पर्श होता कामा नये, कारण गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी ते फेकायचंच असतं. म्हणूनच ते विमानात जमा करायच्या बॅगेत टाकायचं नाही, हातातल्या पिशवीत ठेवायचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. हॉटेलातल्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. वापरायला काढलेली कुपी बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते. तुमच्या कुपीचा नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो, तो पाहून घ्या. न उघडलेल्या कुपीला मात्र २ ते ८ अंशच लागतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकीचा येतो, आणि त्या आकड्यावर डोस ठरतो. पट्टी काढली की झाकण लगेच लावा. रक्तदाबाच्या गोळ्याही मूळ पाकिटातच राहू द्या, सुट्या करून डबीत भरू नका.

प्रश्न : नवेगावला पक्ष्यांचे फोटो काढतो. आता अंदमानातल्या चिडिया टापूला जायचं आहे. कॅमेऱ्याला बुरशी येते म्हणतात. बॅगेत तांदूळ ठेवावेत का?
– एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : भंडाऱ्याचा तांदूळ भातालाच ठेवा. ओल शोषायला तो अगदी मंद, आणि त्याची बारीक भुकटी लेन्सच्या कड्यांत जाऊन बसते. रंग बदलणारं सिलिका जेल १०० ग्रॅम घ्या, पातळ कापडाच्या दोन पुरचुंड्या करा. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवट झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात, रंग परत येईपर्यंत गरम करायचे. तो तवा मग स्वयंपाकाला नको.

तिथली खरी खोड सकाळी कळते. रात्रभर एसीच्या खोलीत थंड झालेला कॅमेरा दारातून बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं, थंड लोट्याबाहेर थेंब जमतात तसं. पुसलं तरी पुन्हा येतं आणि आतल्या काचेवर आलेलं पुसताच येत नाही. म्हणून खोलीतच कॅमेरा चेनच्या पिशवीत बंद करा, बाहेर नेऊन अर्धा तास तसाच ठेवा आणि मग उघडा. पक्षी पहाटेच बोलू लागतात, तेव्हा हा अर्धा तास आधी धरून उठा. त्यापेक्षा कॅमेऱ्याची बॅग रात्री बाथरूमजवळ नव्हे, पण एसी नसलेल्या कोरड्या कोपऱ्यात ठेवता आली तर उत्तम. चामड्याचं कव्हर ओल धरतं, ते घरी ठेवा. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच. अंदमानातच बाराटांगच्या रस्त्यावर जारवा या आदिवासी लोकांचं राखीव क्षेत्र लागतं. तिथे फोटो काढणं कायद्याने बंद आहे आणि त्यांचा मान म्हणूनही कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

प्रश्न : प्रवासासाठी दोन किलो चिवडा आणि जवसाची चटणी करते आहे. टिकेल का?
– एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : डबा एकदा उघडला की चिवडा त्याच दिवशी सादळतो. म्हणून एक मोठा डबा नको. पाव-पाव किलोच्या आठ पिशव्या सीलबंद करून घ्या, एका वेळी एकच फोडा. चटणी थोडीच करा, जवसाला खवट वास लवकर लागतो. तेलातला ठेचा हातातल्या बॅगेत अडवतात, तो जमा करायच्या बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नका. तेलामुळे पेट घेणारा जिन्नस म्हणून विमान कंपन्या त्या नाकारतात.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर आगुंबेला जाणार आहे. जळवांसाठी मीठ न्यायचं की तंबाखू?
– एक वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : दोन्हींपेक्षा कापड. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, कर्नाटकातल्या आगुंबेला ७००० च्या वर. जळवा तिथे पावलापावलाला असतात. शाळेच्या मोज्यासारखं विणलेलं कापड त्यांना अडवत नाही, त्या छिद्रांतून शिरतात. घट्ट विणीचं फिकट पॉपलीन घ्या आणि गावच्या शिंप्याकडून गुडघ्यापर्यंतची पिशवी शिवून घ्या : पावलाच्या मापापेक्षा तीन बोटं मोठी, शिवण बाहेरच्या बाजूला, वर नाडी. साधा मोजा, त्यावर पँट, त्यावर ही पिशवी, मग बूट. फिकट रंग यासाठी की चढणारी जळू दिसते. दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे पाय पाहा.

चिकटलीच तर मीठ, तंबाखू, पेटती काडी काही लावू नका. त्रास झाला की ती पोटातलं जखमेत ओकू शकते. आधी बारीक टोकाखाली नख सरकवा, मग जाड टोकाखाली, आणि झटकून टाका. तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारा पदार्थ असतो, त्यामुळे ठिपकाभर जखम तासन्‌तास पाझरते, घाबरू नका. साबणाने धुऊन पंधरा मिनिटं कापूस दाबून धरा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या मित्राने आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी घेतलेले चांगले ट्रेकिंग बूट खोक्यात जपून ठेवले आहेत, दोनदाच वापरले. तेच नेऊ ना?
– एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : आधी तपासा. या बुटांच्या तळात बरेचदा पॉलियुरेथेनचा फोमसारखा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत जातो, आणि न वापरता ठेवलेल्या बुटांतही हे होतच असतं. वरून बूट नवा कोरा दिसतो आणि जंगलात तिसऱ्या तासाला अख्खा तळ सुटून हातात येतो. तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. भेग पडली, भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर ते बूट संपले, चांभारही तो थर वाचवू शकत नाही. ठीक वाटले तर निघायच्या पंधरा दिवस आधी ते भिजवा आणि ओलेच घालून पाच किलोमीटर चाला. सुटायचे असतील तर धारणीतच सुटू देत, नवे घेऊन पायात रुळवायला दोन आठवडे हाताशी राहतात.