पथ्यावर पहारा

'ताई, माझं वय ५४. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. सणाला पुरण मी शिजवते, पोळ्या मी लाटते आणि माझ्या पानात मात्र भाकरी. पुतण्याच्या साखरपुड्याला ह्यांनी भर पंगतीत वाढप्याला सांगितलं, "तिला जिलेबी नको, शुगर आहे तिला." सगळी पंगत वळून बघायला लागली. सून माझे घास मोजते. तिच्या वडिलांचा पाय शुगरपायी कापावा लागला, म्हणून बोलते, हे कळतं मला. पण हल्ली सगळे झोपले की मी फ्रीज उघडते आणि उभ्याउभ्याच खाते. गार पुरणपोळी, बर्फी, असेल ते. मग स्वतःलाच हावरट म्हणते आणि रडू येतं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४ टक्के आली, डॉक्टरांनी गोळी वाढवली. मागच्या संकष्टीला चंद्र उगवायच्या आधीच हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला. घरच्यांना सांगितलं नाही. आता कार्यक्रमांना जाणंच बंद करावं का?'

कार्यक्रमांना जाणं अजिबात बंद करू नका. पण आधी संकष्टीचं बोलू या, त्याला उशीर नको.

तो थरथराट आणि घाम बहुधा साखर एकदम खाली गेल्याचा होता. तुमचंच पत्र पुन्हा वाचा, त्यात सगळी साखळी आहे. रात्रीचं खाणं डॉक्टरांना माहीत नाही. त्यांना दिसला फक्त ८.४ हा आकडा, म्हणून त्यांनी गोळी वाढवली. मग संकष्टीला तुम्ही वाढलेली गोळी घेतलीत आणि रात्री नऊपर्यंत उपाशी राहिलात. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढत राहतात. तुमची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा पुढच्या संकष्टीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि उपासाच्या दिवशी ती किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे विचारून घ्या. मनाने बंद करू नका. पुन्हा तसं झालं तर घरातल्या मशीनवर बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन हाताशी नसेल तर तपासायला थांबू नका, साखर घ्या. साखर उपासाला चालतेच, व्रत मोडत नाही. आणि घरात कुणाला तरी हाक मारा. हे लपवायचं दुखणं नाही.

उपासाच्या पदार्थांबद्दलही एक. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, वरई हे सगळं पिठूळ. दिवसभराच्या भुकेनंतर त्यांचं ताट पुढे आलं की साखर उलटी वर उसळते. खिचडी वाटीभरच घ्या, सोबत दही, काकडीची कोशिंबीर, दाण्याची आमटी असू द्या.

आता रात्रीचं. पत्रात तुम्ही स्वतःला 'हावरट' म्हटलंय, ते मला पटत नाही. दिवसभर सगळ्यांच्या नजरेखाली मोजून जेवणाऱ्या बाईला रात्री एकटीला भूक लागते, यात हावरटपणा कुठे आला? एक मात्र बघा, रात्रीचं जेवण फार तोकडं होतं का? अर्धी भाकरी आणि पालेभाजीवर उठत असाल तर अकरा वाजता पोट मागणारच. मटकीची उसळ, पिठलं, घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, असं काहीतरी दमदार पानात हवं. आणि रात्री घामाने जाग येऊन खावंसं वाटत असेल, तर तीही साखर उतरल्याची खूण असू शकते. तेव्हाही बोट टोचून बघा.

तरीही मला वाटतं, पुरणपोळी तुम्ही दिवसाढवळ्या, पानात वाढून, बसून खावी. सणाच्या दिवशी अर्धी पोळी, वर तूप, पण तिच्यासाठी जागा करून: त्या जेवणात भात नाही, भाकरी नाही. आधी कोशिंबीर, भाजी आणि कटाची आमटी, पोळी शेवटी. भाज्या-डाळी आधी पोटात गेल्या की साखर सावकाश चढते. जेवून उठल्यावर १५ मिनिटं अंगणात फेऱ्या मारा. दोन तासांनी मशीनवर बघा. साधारणपणे १८० च्या आत असेल तर तुमच्या अंगाला ते अर्धं झेपलं, नसेल तर पुढच्या वेळी चतकोर. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. हा हिशेब शेजारणीच्या सांगण्यापेक्षा खरा. शेजारणी सांगतात 'गुळाचं चालतं', तर ते चालत नाही. गूळही साखरेसारखाच चढतो. 'शुगर फ्री' बिस्किटांतही मैदा किंवा दुसरं पीठ असतंच.

सुनेशी बोलावं लागेल, आणि ते तुम्हीच सुरू करायला हवं. पाय कापलेल्या वडिलांना तिने रोज पाहिलंय, तिची भीती खरी आहे. तिला जवळ बसवून सांगा, 'तुझ्या धाकाने मी चोरून खायला लागले, आणि त्यामुळे जास्त खाते.' ऐकून तिला वाईट वाटेल, वाटू द्या. मग तिच्याकडे दुसरं काम सोपवा. तुमचे पाय रोज रात्री तपासायचे, बोटांच्या बेचक्यात भेग, फोड, जखम आहे का बघायचं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, मग जखम कळत नाही, म्हणून हे काम लाखमोलाचं. तिच्या काळजीला तिथे जागा मिळेल आणि तुमचं ताट मोकळं होईल.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना रात्रीच्या खाण्याबद्दल स्पष्ट सांगा. ओरडले तर ओरडू देत, पण गोळीचं माप त्यावर ठरतं. रडू येणं आणि उठून खाणं आठवड्यातून अनेकदा होत असेल तर तेही सांगा. पथ्याचा असा शीण मधुमेहाच्या बऱ्याच रुग्णांना येतो, त्यावर समुपदेशन मिळतं.

आणि तुमचे यजमान. ते वाईट हेतूने बोलले नसतील, पण पंगतीत तुमचा आजार जाहीर करायचा हक्क त्यांना नाही. भांडण नको, पुढच्या लग्नाला निघण्याआधी घरातच सांगून ठेवा: 'वाढप्याला काय सांगायचं ते मी सांगीन.' मग पंगतीत बसा, जिलेबी आली की एक घ्यायची की पुढे जाऊ द्यायची ते तुम्ही ठरवा.