मुलाची हुशारी आणि वडिलांचा विमा

चिंचवडहून एका वाचकांनी लिहिले आहे : ‘वय ३९, हातात पगार ७८ हजार, घराचे कर्ज २८ लाख, घरात मी एकटा कमावता. मुलगा सातवीत, पण नववीचे बीजगणित स्वतःहून सोडवतो. एका क्लासचा ऑलिंपियाड-फाउंडेशन कोर्स २ लाख ४० हजारांचा आहे. शून्य टक्के व्याज, दरमहा १० हजारांचे २४ हप्ते. घ्यावा का? शिक्षणाची तरतूद केलेली आहे. तो सहा वर्षांचा असताना त्याच्या नावे पॉलिसी काढली. वर्षाला ६० हजार, मुदत १५ वर्षे, २५ लाख मिळतील असे एजंट म्हणाले. माझा विमा नोकरीच्या कंपनीकडून, ५ लाखांचा.’

कोर्स घेऊ नका. पण मला झोप लागू देत नाही ती तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. उद्या तुम्हाला काही झाले तर २८ लाखांचे कर्ज आणि हातात ५ लाख! विमा कुणाचा काढलाय, तर ज्याच्या कमाईवर कुणीच अवलंबून नाही त्या मुलाचा. हप्तामाफीचा रायडर, म्हणजे पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतला नसेल, तर तुमच्यामागे ते ६० हजारही तुमच्या पत्नीनेच भरायचे.

आता ते २५ लाख. वर्षाला ६० हजार भरून १५ वर्षांत तेवढे व्हायला १२ टक्के परतावा लागतो. अशा पारंपरिक पॉलिसीत साधारण ५ टक्के पडतो, म्हणजे साडेतेरा लाखांच्या आसपास. तेही मुलगा २१ वर्षांचा झाल्यावर. कॉलेजची फी अठराव्या वर्षी भरायची असते. हे विकणाऱ्याला ठाऊक असते, तरी विकतात, याचा मला राग येतो.

आधी स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, साठीपर्यंतचा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर. अर्जात साखर, रक्तदाब, तंबाखू काहीही लपवू नका. ती पॉलिसी हातात आली, की मुलाची पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. सहा हप्ते भरून झालेत, सातवा भरू नका. टर्मचा हप्ता वजा जाता वाचलेले ४० हजार दरवर्षी त्याच्या अठराव्या वर्षासाठी वेगळे ठेवा.

कोर्सचे ‘शून्य टक्के’ म्हणजे बहुतेकदा वित्त कंपनीचे तुमच्या नावावरचे कर्ज. मुलाने तीन महिन्यांत क्लास सोडला तरी हप्ता सहसा सुटत नाही.

त्याची भूक मात्र खरी आहे, आणि ती स्वस्तात भागते. आठवी-नववीची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शाळेतल्या गणिताच्या बाईंना भेटा, त्याला त्या तासाला पुढची उदाहरणे देता येतील का विचारा. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची सहावीची संधी गेली, नववीची आहे. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम आठवीपासून देता येते. शुल्क काही शे रुपये. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ऑलिंपियाडची तयारी वर्षानुवर्षे करून घेते. एका रविवारी त्याला तिथे घेऊन जा, चौकशी त्यालाच करू द्या.