जुन्या वेल्डिंग मशीनमधली वाइंडिंगची पट्टी तुटली आहे. सोल्डर करून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मशीन वडिलांच्या काळातलं, साधं ट्रान्सफॉर्मरवालं आहे. सेकंडरीची, म्हणजे वेल्डिंगचा करंट देणाऱ्या कॉइलची, पट्टी आउटपुट टर्मिनलजवळ तुटली आहे आणि वाइंडिंगवाला सगळी कॉइल नव्याने भरायला सांगतोय. पट्टी कॉइलच्या बाहेर तुटली असेल आणि आतलं इन्सुलेशन जळून काळं पडलेलं नसेल, तर रिवाइंडिंगची गरज नाही. असं मशीन भंगारात जाऊ देऊ नका. मात्र सोल्डर अजिबात करू नका.

कारण साधं आहे. जोडात एक मिलीओहम रोध राहिला आणि त्यातून 200 अँपिअर गेले, तर तिथे 40 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नइतकी. नेहमीचं शिसं-कथिल 183 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. जोड ढिला होतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते.

प्लग काढा. आत पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर तो डिस्चार्ज करा, म्हणजे साठलेली वीज काढून टाका. मग पट्टी तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची हे बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. वरच्या रंगावर जाऊ नका, इनॅमलच्या लेपामुळे अ‍ॅल्युमिनियमही तांब्यासारखं दिसतं. चाकूने खरवडा, आत पांढरं निघालं तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम.

तांबं असेल तर काम सोपं. फ्रिज-एसीवाल्यांकडे तांब्याच्या नळ्या जोडायची फॉस्फरसची ब्रेझिंग रॉड मिळते. तांब्याला तांबं जोडताना तिला फ्लक्स लागत नाही. दोन्ही टोकं चकचकीत घासा, पट्टीच्या रुंदीइतकी तरी एकावर एक ठेवा, आणि कॉइलच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळून मगच टॉर्च लावा, नाहीतर जोड होईल पण शेजारचं इन्सुलेशन जाईल. मशीन ऑइलचं असेल तर आधी ऑइल काढून, पुसून, पट्टी टाकीच्या बाहेर आल्याशिवाय ज्वाळा पेटवूच नका.

अ‍ॅल्युमिनियमला ही रॉड चालत नाही. ती 700 अंशांच्या पुढे वितळते आणि अ‍ॅल्युमिनियम 660 लाच वाहून जातं. त्यात घासल्या घासल्या त्यावर ऑक्साइडचा थर परत चढतो. एसी करंटवर चालणारं टिग वेल्डिंग मशीन असलेला चांगला वेल्डर ओळखीचा असेल तर त्याच्याकडून जोडून घ्या. तार गोल असेल तर योग्य मापाची अ‍ॅल्युमिनियमची फेरूल (जोडायची नळी) जॉइंट कंपाउंड, म्हणजे ऑक्साइड रोखणारी पेस्ट, भरून हायड्रॉलिक टूलने क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट करा. हातोडीने ठोकून नव्हे. टर्मिनलचा बोल्ट पितळेचा किंवा तांब्याचा असेल तर मध्ये बायमेटल लग (एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेलं टोक) हवाच. थेट आवळलं तर दमट हवेत, विशेषतः कोकणात, तिथे पांढरी पूड धरते आणि जोड पुन्हा तापतो.

मधला तुकडा घालावा लागला तर त्याच धातूचा, त्याच किंवा जास्त जाडीचा घ्या. पट्टी ताणून बसवू नका, थोडी वळवून सैल ठेवा. 50 हर्ट्झवर कोअर सेकंदाला 100 वेळा थरथरतो. पट्टी तुटते ती बहुतेकदा त्यानेच आणि ढिल्या नटने. वरून फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा, टेप आणि व्हार्निश करा. पीव्हीसी टेप इथे वितळते.

जोड तपासायची पद्धत: टर्मिनलला केबल न लावता 12 व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये घेऊन जोडाच्या दोन बाजूंना लावा. साधारण 5 अँपिअर जातील. मल्टिमीटरच्या प्रोब बॅटरीच्या वायरींच्या आतल्या बाजूला, जोडाच्या दोन्हीकडे धरून मिलीव्होल्ट बघा आणि तेवढ्याच लांबीच्या अखंड पट्टीवरही बघा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. जोडावर 4-5 मिलीव्होल्ट दिसले तर तो जोड परत करा.

शेवटी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून प्राइमरी (मेन सप्लायची कॉइल), सेकंडरी आणि बॉडी एकमेकांपासून तपासा, अर्थिंगचा बोल्ट घासून आवळा. मगच प्लग लावा, आणि आधी वेल्डिंगची रॉड न पेटवता थोडा वेळ चालू ठेवा. नुसतं चालू असतानाच कॉइल तापली किंवा जोरात घुमायला लागली, तर बहुधा कॉइलचे वेढे आत शॉर्ट आहेत. तेव्हा वाइंडिंगवाल्याचं ऐकावं.