झुंड म्हणजे नेमके किती?

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या १९९९ च्या खेळात नकाशावरच्या शत्रूचा आकडा दिसत नाही, नुसता शब्द दिसतो. फ्यू म्हणजे १ ते ४, सेव्हरल ५ ते ९, पॅक १० ते १९, लॉट्स २० ते ४९, होर्ड ५० ते ९९, थ्रॉंग १०० ते २४९, स्वॉर्म २५० ते ४९९, झाउंड्स ५०० ते ९९९ आणि त्यापुढे सगळे लीजन. असा खेळ मराठीत आणताना हे शब्द कसे भाषांतरित करावेत, असा प्रश्न आला आहे. प्रश्नकर्त्याने या पायऱ्यांसाठी टोळी, कळप, झुंड, जमाव अशी चढती भाजणी सुचवली आहे, शेवटी अक्षौहिणी. हे मराठीत चालेल का?

माझ्या मते नाही. आपले समूहवाचक शब्द ‘कोणाचा’ ते सांगतात, ‘किती’ ते सांगत नाहीत. कळप चरणाऱ्यांचा, थवा उडणाऱ्यांचा, मोहोळ मधमाश्यांचे. कळप सात शेळ्यांचा असतो तसा सातशे मेंढ्यांचाही. झुंडीत जमावापेक्षा माणसे कमी की जास्त, हे कोणताच कोश ठरवून देत नाही. इंग्रजीतही ही शिडी ओढूनताणूनच लावलेली आहे (झाउंड्स तर मुळात शपथेचा उद्गार, संख्येशी त्याचा संबंधच नाही), पण तिथल्या खेळाडूंनी ती पाठ केली. आपण तीच पाठांतराची शिक्षा नव्याने कशाला द्यावी?

दुसरी अडचण व्याकरणाची, आणि भाषांतर तिथेच फसते. असे खेळ वाक्य तुकडे जोडून बनवतात: एक संख्याशब्द, एक प्राण्याचे नाव. मराठीत मात्र ‘राक्षसांचा घोळका आला’, ‘चेटकिणींची झुंड आली’, ‘मधमाश्यांचे मोहोळ आले’. शब्द बदलला की चा-ची-चे बदलते, क्रियापद बदलते, नावाचे सामान्यरूप करावे लागते. ‘थोडे’ घेतले तरी सुटका नाही: थोडे राक्षस, पण थोड्या चेटकिणी.

यावर मराठीत घरचाच उपाय आहे, जोडसंख्या. दोन-चार, पाच-सात, दहा-पंधरा, तीस-चाळीस, पन्नास-पाऊणशे, शे-दोनशे, तीन-चारशे, पाच-सातशे आणि शेवटी हजारावर. ‘पाच-सात राक्षस’, ‘पाच-सात चेटकिणी’, ‘पाच-सात गिधाडांवर हल्ला’: संख्याशब्द जागचा हलत नाही. शिवाय पाठ काही करायचे नाही.

जोड्या निवडताना मात्र जपावे. लॉट्ससाठी ‘वीस-पंचवीस’ सहज सुचते, पण समोर ४९ निघाले तर खेळाडूचा हिशेब दुपटीने चुकतो, म्हणून तीस-चाळीस. ‘पाच-पन्नास’ कानाला गोड, पण ते तीन-चार पायऱ्या एकदम गिळते. ‘हजारेक’ही नको, कारण त्यात नऊशेही बसतात आणि इथे हजार ही खालची हद्द आहे.

राहिली अक्षौहिणी. २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, म्हणजे एकूण २,१८,७०० मोजदाद. हजार-दीड हजार भुतांना हा शब्द लावणे म्हणजे थट्टाच. तिच्या खालच्या पायऱ्या मोठ्या मोहक आहेत: पत्ती १० ची, मग तिपटी-तिपटीने सेनामुख ३०, गुल्म ९०, गण २७०, वाहिनी ८१०, पृतना २,४३०, चमू ७,२९०, अनीकिनी २१,८७०, शेवटची उडी दसपट. गुल्म, गण, वाहिनी हे तर होर्ड, स्वॉर्म, झाउंड्सच्या मापात अचूक बसतात. पण आजच्या वाचकाला वाहिनी म्हटले की टीव्ही दिसतो, आणि चमू म्हटले की अकरा खेळाडू.

स्वतःच्या सैन्याची गोष्ट वेगळी. तिथे आकडा पक्का असतो, तेव्हा मापाचे शब्द खुशाल वापरावेत. पलटण लिहाल तर सातशे-आठशे माणसे धरा. जवान आजही आपल्या बटालियनला पलटण म्हणतात, तीस-पस्तीस जणांच्या प्लॅटूनला नाही. घोडदळासाठी शिवकाळातली उतरंड तयारच आहे: २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार (त्याच्या हाताखालचे पथक म्हणजे जुमला), दहा जुमल्यांवर हजारी. गुणाकार केला तर हजारीकडे १,२५० स्वार येतात. पथकावर ‘हजारी’ लिहून आत १,००० च घोडे ठेवलेत, तर दोन जुमले कुठे गेले असे विचारणारा एखादा खेळाडू भेटेलच.