पीएच.डी. केमिस्ट्रीत करू की फॉरेन्सिकमध्ये?

मेघा (नाव बदललंय) कल्याणहून माझ्याकडे सल्ला विचारायला आली ती पीएच.डी.चे तीन फॉर्म घेऊनच. एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्री, 61 टक्के. मुंबईतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फॉरेन्सिक केमिस्ट्री शिकवते. प्रश्न नेहमीचाच. "मॅडम, फॉरेन्सिकमध्ये केली तर केमिस्ट्रीवाले घेणार नाहीत, केमिस्ट्रीत केली तर फॉरेन्सिकवाले. मग मी कुठली?"

म्हटलं, आधी जाहिरातीतली पात्रता नीट वाच. सहायक प्राध्यापकाला लागणारे 55 टक्के हे संबंधित किंवा संलग्न विषयाच्या पदव्युत्तर पदवीतले. म्हणजे छाननीत गाडी अडते ती बहुधा एम.एस्सी.वर. शिवाय नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा: केमिस्ट्री सीएसआयआरच्या नेटमध्ये येते, फॉरेन्सिक सायन्स यूजीसीच्या यादीत आहे, विषय क्रमांक 82. तुझा पाया केमिस्ट्रीचा, तर पीएच.डी.ही तिथेच कर. संशोधनाचा प्रश्न तेवढा फॉरेन्सिकचा घे.

तिला एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थावर काम करायचं होतं. इथे मी तिला थांबवलं. तो पदार्थ एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. प्रमाणित नमुना जवळ ठेवायलाही परवानगी लागते. गाईडकडे ती नसेल, तर पहिलं वर्ष अर्ज करण्यातच जातं. त्यापेक्षा विषारी दारूतला मिथेनॉल घे. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत त्याने शंभरावर माणसं गेली.

यावर ती खुलली. हेच प्रॅक्टिकल ती घेते: परमँगनेटने मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करायचं, उरलेलं परमँगनेट सोडियम बायसल्फाइटने घालवायचं, मग क्रोमोट्रोपिक ॲसिड आणि काँसंट्रेटेड सल्फ्युरिक, 60 ते 75 अंशांच्या पाण्यात 15 मिनिटं. जांभळा रंग आला की मिथेनॉल. "पण एका बॅचचं ब्लँकच, म्हणजे मिथेनॉल न घातलेली नळीच, जांभळं झालं! पिपेट आधी फॉर्मेलिनला, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्याच द्रावणाला वापरलेली. दुसऱ्या बॅचला तपकिरी आलं, परमँगनेट पुरतं गेलंच नव्हतं." चूक कुठे झाली हे इतकं नेमकं सांगणारी बाई मुलाखतीच्या डेमो लेक्चरला कशाला घाबरते, मला कळेना.

रंग दिसला म्हणजे मोजमाप झालं नाही. त्यासाठी हेडस्पेस जीसी हवा, म्हणजे नमुन्यावरची वाफ घेऊन घटक वेगळे करणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, एफआयडी (ज्योतीवर चालणाऱ्या) डिटेक्टरसह, आणि तुलनेसाठी मोजून घालायचं इंटर्नल स्टँडर्ड म्हणून एन-प्रोपेनॉल. मशीन बऱ्याच ठिकाणी असतं. ज्योतीला लागणारं हायड्रोजनचं सिलिंडर भरलेलं असेलच असं नाही.

दोन फॉर्म तिने परत पिशवीत टाकले. तिसऱ्याच्या मागे गाईडला विचारायचा प्रश्न लिहून घेतला: जीसी शेवटचा कधी चालला?