जेपीजी फोटो पीएनजी केला की जास्त स्पष्ट होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: धूसर जेपीजी फोटो पीएनजी केला तर तो स्वच्छ होईल का, आणि फाइलच्या नावाशेवटचं जेपीजी खोडून पीएनजी लिहिलं तर भागेल का. दोन्हींचं उत्तर नाही.

नावाचं आधी सांगतो. फाइल कुठल्या फॉरमॅटची आहे हे तिच्या आतल्या पहिल्या काही बाइट्सवरून कळतं. पीएनजीच्या सुरुवातीला ८ बाइट्सची ठरलेली खूण असते. तुम्ही नाव बदललंत तरी आत जेपीजीच राहतं. बरेच फोटो दाखवणारे प्रोग्राम आत डोकावून ती मुकाट्याने उघडतात, म्हणून बदल झाला असं वाटतं. पुढे एखादा ऑनलाइन फॉर्म तीच फाइल नाकारतो, तेव्हा घोटाळा लक्षात येतो.

आता दर्जाचं. जेपीजी हे १९९२ सालचं मानक छायाचित्रांसाठी बनलं. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे टाकून देतं. आभाळ, चेहरा, झाडं यांत ते खपून जातं. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की मात्र कडांभोवती ठिपक्यांची धूळ उठते. पीएनजी काहीच टाकत नाही, म्हणून ती धूळही इमानदारीने जपतं. गेलेलं परत येत नाही, फाइल मात्र बहुतेक वेळा कितीतरी फुगते.

हे मी आजीच्या पत्रांवर शिकलो. पत्रं स्कॅन करून जेपीजीत ठेवली होती. कधी कडा कापल्या, कधी उजेड वाढवला, आणि दर वेळी त्याच फाइलवर सेव्ह केलं. प्रत्येक सेव्ह म्हणजे नव्याने गाळणी. तिचं बारीक अक्षर हळूहळू फिसकटत गेलं आणि पीएनजी करूनही सुधारलं नाही. सुदैवाने कागद हाताशी होते, म्हणून पुन्हा स्कॅन केले, या वेळी थेट टिफमध्ये, म्हणजे स्कॅनसाठी वापरतात त्या, सहसा काही न टाकणाऱ्या फॉरमॅटमध्ये. तेव्हापासून मूळ फाइलला हात लावत नाही. जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर, आणि जेपीजी अगदी शेवटी, एकदाच.

बदलताना कुठे फसायला होतं तेही सांगतो. जेपीजीत पारदर्शकता नसते. पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो जेपीजी केला की मागे पांढरा किंवा काळा रंग भरला जातो. जीआयएफमध्ये एका चित्रात २५६ रंगच मावतात, त्यामुळे फोटोत पट्टे उमटतात. आयफोनचे २०१७ पासूनचे हेइक (एचईआयसी) फॉरमॅटमधले फोटो जेपीजी केल्यावर रंग फिके वाटले, तर बहुधा रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे हे सांगणारी फाइलमधली माहिती, वाटेत गळालेलं असतं. फोटो काढल्याची तारीखही कधीकधी अशीच गळते. म्हणून शेकडो फोटो एकदम बदलण्याआधी दोन-चारांवर करून बघा. फोटो नुसता फिरवायचा असेल, तर जेपीजी न बिघडवता फिरवणारी साधनं आहेत, जेपीईजीट्रॅन त्यातलंच.

फॉरमॅट बदलायला मी इमेजमॅजिक हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम वापरतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर विंडोजवर इरफानव्ह्यू चांगलं. दोन्ही आपल्याच संगणकावर चालतात. ओळखपत्र किंवा सहीचा फोटो अनोळखी वेबसाइटवर चढवून बदलू नका, एवढी कळकळीची विनंती.

तुमचा फोटो चॅटवरून आलेला असेल, तर तो वाटेतच दाबला गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगा, आणि पीएनजी हवंच असेल तर त्या फाइलवरून करा.