मराठा अँटी-टँक रेजिमेंटमध्ये गेलेल्या आणि परत न आलेल्या नाशिककडील जवानांची यादी कशी करावी व गावात त्यांचे स्मारक कसे उभारावे?

यादी करणे वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. ती गावातल्या समितीच्या हातून सहीसलामत बाहेर काढणे मात्र अवघड आहे, आणि आपल्या प्रश्नात 'स्मारक' हा शब्द वाचला म्हणूनच मी उत्तर लिहावयास बसलो.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधू दुसऱ्या महायुद्धात चौथ्या मराठा अँटी-टँक रेजिमेंटमध्ये, म्हणजे तोफखान्याच्या रणगाडाविरोधी तुकडीत, ड्रायव्हर होते. ही रेजिमेंट आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर 1943 साली इटलीत उतरली आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सांग्रो नदीच्या चिखलात ते गेले. तोफगोळ्याने नव्हे, रात्री दिवे बंद ठेवून तोफ ओढून नेताना गाडी घसरून उलटली, असे त्यांच्या अधिकाऱ्याने घरी पाठवलेल्या इंग्रजी पत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या घरात ते पत्र देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या पेटीत होते. काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातील आमच्या गावात स्मारकाची टूम निघाली, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने ते समितीपुढे ठेवले आणि तिथेच चूक केली. पत्र वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ सदस्याने चष्मा काढला आणि म्हणाले, "हा अपघात झाला. धारातीर्थी पडणे वेगळे." नात्याने ते माझे चुलते लागतात, त्यामुळे मी गप्प राहिलो, ही माझी दुसरी चूक. शिळेवर अकरा नावे कोरली गेली, बारावे राहिले.

त्यानंतर मी ती अकरा नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांची थडगी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदींत एकेक करून शोधली. हेतू फारसा उदात्त नव्हता, हे मान्य करतो. त्या नोंदींत हुद्दा, सैन्यातला क्रमांक, तुकडी, तारीख, बहुधा वडिलांचे नाव व गाव मिळते. मृत्यूचे कारण मात्र सहसा दिलेले नसते. म्हणजे ती अकराही माणसे कशी गेली हे समितीला ठाऊक नव्हते आणि ठाऊक नव्हते म्हणूनच ती धारातीर्थी पडली. त्यांतील तिघांची नावे तर दिल्ली-कराची स्मारकाच्या यादीत निघाली. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातील जे जवान प्रत्यक्ष युद्धक्षेत्राबाहेर मरण पावले आणि ज्यांची अंत्यस्थाने जतन करता आली नाहीत, अशा पंचवीस हजारांहून अधिक जणांची ती यादी आहे. ते तिघे शिळेवर आहेत हे योग्यच आहे. पण मग सांग्रोकाठी शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात गाडी हाकणारा माणूस तिथे का नाही, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. त्याच्या विधवेला सरकार दरमहा पेन्शन देत होते. सरकारला जे पटले ते गावाला पटले नाही.

कमिशनची स्वतःची कसोटी साधी आहे. 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सैन्याच्या सेवेत असताना जो मरण पावला, तो गोळीने गेला की हगवणीने, हे तिथे विचारले जात नाही. आपणही हीच कसोटी धरा आणि ती पहिल्या बैठकीतच इतिवृत्तात लिहून घ्या.

शोधाबद्दल थोडे सांगतो. नावावरून शोधू नका, स्मारकावरून शोधा. हिंदू जवानांचे दहन झाल्यामुळे त्यांची थडगी नाहीत. इटलीतील नावे सांग्रो आणि फोर्ली येथील दहनस्मारकांवर व कॅसिनोच्या स्मारकावर पाहावीत. तेथील 'रॉयल इंडियन आर्टिलरी'ची, म्हणजे तेव्हाच्या हिंदी तोफखान्याची, सगळी नावे काढावीत आणि त्यांतून नाशिक जिल्ह्याची गावे वेचावीत. विठोबा हे नाव कारकुनाने तीन प्रकारे लिहिलेले मला आढळले आहे आणि आडनावाच्या जागी अनेकदा वडिलांचे नाव असते, म्हणून जुळणी क्रमांकावरून करावी. तो क्रमांक घरातील पेन्शनच्या कागदावर सापडतो. देवळालीच्या तोफखाना शाळेत चौकशीला जाण्यात अर्थ नाही. ती प्रशिक्षणाची संस्था आहे. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिकरोड कॅम्पला आहे, तिथे क्रमांकासह लेखी अर्ज करावा.

गावात कोणी वीरगळाचा दाखला देईलच, कारण आमच्याकडे दिला गेला: वीरगळ लढता लढता पडलेल्याचाच असतो म्हणे. असेल, पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नावच कोरलेले नसते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली. असे नुसते आकडे पुष्कळांना तोंडपाठ असतात. ती 46 नावे सांगणारा मात्र मला अद्याप भेटलेला नाही. म्हणून शिळेवर नाव, क्रमांक, तुकडी, तारीख आणि ठिकाण एवढे कोरा, आणि विशेषणे टाळा. 'शहीद' हा शब्दही टाळलेला बरा. आपल्या संरक्षण दलांत तो अधिकृतपणे वापरलाच जात नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी होती. वरची कसोटी महायुद्धापुरती आहे. आपल्या यादीत स्वातंत्र्यानंतरचे जवान घ्यायचे असतील, तर दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावरील त्यागचक्राची नावे पाहावीत. तिथे लढाईत व मोहिमांत कामी आलेल्यांचीच नोंद असल्यामुळे सरावात किंवा आजारात गेलेला माणूस सापडणार नाही. त्यांना गावच्या शिळेवर घ्यावे की नाही, यावर माझ्या चुलत्यांचे म्हणणे थोडे ऐकून घेता येईल. आमच्या बाबतीत नाही.

आणि पाथरवटाला शेवटच्या नावाखाली चार ओळींची जागा कोरी सोडायला सांगा. आमच्या शिळेवर अकराव्या नावाला लागूनच वेलबुट्टीची किनार काढून घेतली आहे. ती कोणाच्या सांगण्यावरून काढली, हे मी पाथरवटालाच विचारून ठेवले आहे.